वांगी जर्सी आणि महिलांवरचा एक परिच्छेद

"क्लबचा इतिहास लिहून द्या. तुमची भाषा चांगली हाय. आणि शेवटी एक परिच्छेद महिलांवर टाका, बरं दिसतंय."

हे आमच्या क्लबचे अध्यक्ष बोलले. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, मी केलेला चहा बशीत ओतून घेत बोलले. मी शाळेत मराठी शिकवते आणि गल्लीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करते, म्हणजे माइक हातात आला की सोडत नाही. त्यामुळं वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरल्यावर इतिहास माझ्याच गळ्यात पडणार, हे उघड होतं. इतिहासाला माझी ना नव्हती. मला राग आला तो त्या 'टाका'चा. भाजी उतरवताना वरून कोथिंबीर टाकतात, तसा परिच्छेद टाकायचा! आणि 'बरं दिसतंय'चा तर इतका आला, की दुसरा कप मी बिनसाखरेचा दिला. अध्यक्ष तोही प्याले. काही कळलं नाही त्यांना. एवढंच पुरेसं असतं माणूस ओळखायला.

स्मरणिकेला जे द्यायचं ते मी देऊन टाकलं. पाहुणे, प्रमुख उपस्थिती, उज्ज्वल परंपरा, सगळं. हे जे आता लिहितेय, तो महिलांवरचा परिच्छेद आहे. जरा लांबलाय.

बाहेरगावच्या पावण्यांना आधी एक सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉल क्लब मैदानावर जन्मत नाही, तालमीत जन्मतो. तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात मुद्गल, समोर मारुती, आणि मारुतीच्या शेजारच्या कपाटात गदा आणि फुटबॉल एकमेकांना टेकून. मोठ्या पेठांचे मोठे संघ आहेत. त्यांची गाठ पडली की निम्मं शहर दुकानांची शटरं ओढून स्टेडियमवर जातं आणि उरलेलं निम्मं बरं वाटत नाही म्हणून रजा टाकतं. आमचा संघ त्यांतला नव्हे. आमची तालीम एका गल्लीपुरती आणि आमचा संघ खालच्या गटातला. वरच्या गटात आम्ही एकदोनदा गेलो, पण चहापाण्याला गेल्यासारखे. गेलो, बसलो, परत आलो.

क्लब काढला माझ्या आजोबांच्या पिढीतल्या पैलवानांनी. चेंडू पायानं मारायचा असतो एवढं त्यांना माहीत होतं. बाकीचे नियम त्यांनी कुस्तीचेच ठेवले. पहिल्याच सामन्यात आमच्या बॅकनं समोरून पळत येणाऱ्या फॉरवर्डला ढाक लावून चीत केलं, मांडीवर शड्डू ठोकला आणि पंचाकडं बघितलं, की द्या आता निकाल. पंचानं दिला. बॅक मैदानाबाहेर गेला. जाताना त्यानं चारी बाजूंना वाकून नमस्कार केला, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तो सामना आपण जिंकला अशीच त्या बिचाऱ्याची मरेपर्यंत समजूत होती. त्या सामन्यात आपण किती गोल खाल्ले हे तालमीत आजही कुणी सांगत नाही. ढाक मात्र सगळे करून दाखवतात.

आमच्या जर्सीचा रंग वांगी. पुरुष मंडळी त्याला राजेशाही जांभळा म्हणतात. काही राजेशाही नाही. मूळ पैलवानांना भगवा हवा होता. सणाचे दिवस होते, कापडवाल्याकडचा भगवा संपलेला, आणि वांगी रंगाचा एक तागा कुणीच घेत नव्हतं म्हणून पडून होता. तो घेतला. बाह्यांना कापड पुरलं नाही, म्हणून बाह्या पांढऱ्या. झाली परंपरा! त्या दिवसापासून आमचा संघ मैदानात उतरला की समोरच्या गॅलरीतून ओरडा येतो, "आली रे आली, भरली वांगी आली!" आणि आमची मंडळी उलट ओरडतात, "देठासकट गिळा!"

आता बाकीचे संघ सुळसुळीत कापडाच्या जर्सी घालतात. मशीनमध्ये टाकल्या तरी हसत बाहेर येतात. आमच्यात परंपरा. तेच सुती कापड, तोच कच्चा रंग, गल्लीतल्याच शिंप्याकडून शिवलेलं. आणि तो रंग सांभाळायचा कुणी? गल्लीतल्या बायकांनी. प्रत्येक सामन्याला एकेका घराचा धुण्याचा नंबर लागतो. गार पाणी घ्यायचं, मूठभर खडे मीठ टाकायचं, जर्सीचं अंग तेवढं बादलीत बुडवायचं आणि पांढऱ्या बाह्या काठावरून बाहेर सोडायच्या. एखादं पोरगं बादलीत बसून दोन्ही हात बाहेर टाकून निवांत पडलंय असं दिसतं. बाह्या मागनं वेगळ्या घासायच्या. मग सावलीत वाळवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या, आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी नेऊन द्यायच्या तालमीच्या उंबऱ्यावर.

उंबऱ्यावर. आत नाही. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही. मारुती ब्रह्मचारी, माती पैलवानांची. आतला पुरुष हात पुढं करणार, घड्या घेणार, मारुतीच्या पायाशी ठेवणार, गोलकीपरची सगळ्यांत वर. दुसऱ्या दिवशी पोरं त्या तिथनंच उचलून अंगात घालणार. मी जन्मले या गल्लीच्या एका टोकाला आणि लग्न करून गेले दुसऱ्या टोकाला. वरातीला गाडी लावली असती तर पुढची चाकं सासरी आणि मागची माहेरी राहिली असती. तालीम बरोबर मधोमध. आयुष्यभर तिच्यावरून ये-जा केली. आत काय आहे ते मला पुरुषांच्या तोंडून पाठ आहे.

आम्ही एकदाच कप जिंकला. मी तेव्हा शाळेत होते. तो सामना मी पाहिला नाही, ऐकला. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की वारं बरं असेल तर स्टेडियमचा आवाज येतो. मी आणि आई वाळवण गोळा करत होतो. एक मोठा ओरडा आला आणि आई म्हणाली, "ह्यो आपला न्हाय, आपली माणसं एवढी न्हाईत." मग बऱ्याच वेळानं एक लहानसा, फाटका, बेसूर ओरडा आला, आणि आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "ह्यो आपला!"

मिरवणूक गल्लीत आली तेव्हा आई मागच्या अंगणात सगळ्या संघाच्या भाकरी थापत होती. मला गुलाल दिसला, हलगी ऐकू आली, आणि डोक्यांच्या वर काहीतरी चकाकलं. तोच कप. चकाकला आणि तालमीच्या कपाटात गेला. फोटो आहे, पण त्यात कप आमच्या सेंटर हाफच्या पंज्यामागं गेलाय. नुसता पंजा दिसतो. दुसऱ्या दिवशी जर्सी आमच्या घरी आल्या, कारण नंबर आमचा होता. चिखल, गुलाल, घाम. आईनं तीन पाण्यांतून काढल्या.

"कप कसा हाय वो?" आईनं वडिलांना विचारलं होतं.

"एवढा!" वडिलांनी हात फाकले होते.

आई दर वर्षी विचारायची. आणि दर वर्षी हात जरा जास्त फाकायचे. वडील जायच्या आधी तो कप आमच्या पिठाच्या डब्यापेक्षा मोठा झाला होता.

हे झालं जुनं. आता यंदाचं.

माझा धाकटा भाऊ या क्लबचा कोच. ऐन उमेदीत चांगला सेंटर फॉरवर्ड होता, गुडघा गेला आणि शिट्टी आली. आई त्याच्याकडंच राहते. त्याची मुलगी कॉलेजात आहे, डाव्या पायानं खेळते. तो डावा पाय भावानंच तयार केलाय. पोरगी चड्डीत होती तेव्हापासून तालमीच्या भिंतीवर चेंडू मारायला लावायचा. "उजव्यानं मारलास तर जेवाण न्हाय!" सगळी गल्ली साक्षीला आहे. भिंतीवर. भिंतीच्या आत नव्हे, बाहेरच्या अंगाला.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी पोरगी माझ्याकडं आली.

"आत्ती, यंदा पोरींची लीग हाय. पोरांची संपली की लगेच. आमी टीम जमवलीया, सगळ्या ह्या गल्लीच्या आणि पलीकडच्या बोळातल्या. क्लबचं नाव पायजे आणि जर्सी पायजे. मी लेफ्ट विंगला खेळणार."

"बापाला विचारलंस?"

"विचारलं. बाप म्हनला मारुतीला विचारतो."

"मग?"

"मारुतीचा फोन लागंना."

मी तिला घेऊन तालमीकडं गेले. संध्याकाळची वेळ, कट्ट्यावर सगळी कार्यकारिणी पाय हलवत बसलेली. अध्यक्ष मधे, भाऊ कडेला. मी खाली रस्त्यावर उभी.

"आक्का, नाव घ्या की," भाऊ म्हणाला. "नावाला मी न्हाय म्हणत न्हाय. पण जर्सी न्हाय."

"का?"

"जर्सी मारुतीच्या पायाला लागल्याली असती. ती पोरींच्या अंगावर... म्हंजे, बरं न्हवं ते."

"आणि धुताना बायकांच्या हाताला लागती ती?"

"धुणं येगळं, घालणं येगळं."

बघा! इतकं साधं होतं. इतकी वर्षं उगाच डोकं खाजवलं. घाम तुमचा, तोपर्यंत हात आमचा चालतो. घाम आमचा म्हटल्यावर देव बाटतो.

अध्यक्षांना वाटलं वातावरण तापतंय, आपण फुंकर घालावी. "अहो मॅडम, आपण पोरींना झकास गुलाबी करू. पोरींना गुलाबी शोभून दिसतंय. खर्च माझा."

कट्ट्यावरच्या सगळ्या माना हलल्या. किती मोठ्या मनाचा माणूस!

"अध्यक्ष," पोरगी म्हणाली, "वांगं गुलाबी असतंय व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि माझा भाऊ, जो या पोरीच्या डाव्या पायासाठी तिचं जेवण अडवायचा, तो म्हणाला, "तू गप. मोठ्यांत बोलायचं न्हाय."

पोरगी गप झाली. ती गप झालेली मी पहिल्यांदा बघितली. परत येताना एवढंच म्हणाली, "गुलाबीत न्हाय खेळत मी, आत्ती. त्यापरास खेळतच न्हाय. आज्जी जी जर्सी धुती ती मला पायजे." आमच्याकडच्या मुली हट्ट करताना रडत नाहीत, चालायचा वेग वाढवतात. मला तिच्या मागं धावावं लागलं.

आई ओसरीत मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे करून दाखवलं, अध्यक्षांच्या पोटासकट. आईनं मेथी खाली ठेवली नाही.

"ज्येला आपला हात लागल्याला चालत न्हाय, त्येला आपण हात लावायचा न्हाय. सोपं हाय."

एवढंच. मग ती मेथी घेऊन आत गेली. मोर्चा नाही, घोषणा नाही, निवेदन नाही. मी सूत्रसंचालक असूनही मला एक शब्द बोलायला मिळाला नाही. पण गल्लीतल्या बायकांपर्यंत पोचायला आमच्याकडं माइक लागत नाही, एक गच्ची पुरते.

पुढचा नंबर आमच्या शेजारच्या चाचींचा होता. त्यांचा मुलगा संघाचा गोलकीपर. सामना झाल्यावर तो जर्सींची पिशवी घेऊन स्वतःच्या घरी आला.

"अम्मी, जर्सी."

"कशाच्या?"

"क्लबच्या. आपला नंबर हाय."

"बाबा, मारुतीचं आणि माझं कधी भांडण न्हाय," चाची म्हणाल्या. "मोहरमात आपला पीराचा पंजा त्येच्याच दारात बसतो. पर तुमच्या कोचला इचारून ये, माझा हात चालतो का. न्हायतर बाटायची जर्सी."

पोरगं पिशवी घेऊन पुढच्या दारात. तिथून पुढच्या. "आमचा हात चालंल व्हय?" "मारुतीला इचारलंस?" "देवाची वस्तू, आमी कशाला हात लावू बाई!" पिशवी दार दार करत सगळी गल्ली फिरली आणि शेवटी अध्यक्षांच्या दारात पोचली. हे मी खिडकीतून पाहिलं. नाटकाला तिकीट काढून जाणारी मी, इतका चांगला प्रवेश फुकटात कधी बघितला नव्हता.

अध्यक्षांच्या घरी नवीन ऑटोमॅटिक मशीन आहे. त्यांनी कट्ट्यावर जाहीर केलं होतं, "बायकांवाचून काय अडतंय? मशीन हाय की!" पुढचं मला त्यांच्या बायकोनंच गच्चीवरून गच्चीवर सांगितलं. अध्यक्षांनी वर्धापनदिनासाठी मुद्दाम शिवून घेतलेला, त्या सामन्यात पहिल्यांदाच घातलेला नवा संच मशीनमध्ये कोंबला, पावडर वाटीनं घातली आणि विचारलं, "बटण कुठलं दाबू?" त्या म्हणाल्या, "मारुतीला चालंल ते दाबा." चिखल लई हाय म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांत गरम पाण्याचं दाबलं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या दोरीवर जर्सी वाळत पडल्या. मी चहा घेऊन खिडकीत बसले. वांगी अंग विटून गेलेलं, आणि सगळा रंग त्या पांढऱ्या बाह्यांनी पिऊन टाकलेला. अंगही गुलाबी, बाह्याही गुलाबी. गुलकंदासारख्या. वाऱ्यावर सगळ्या बाह्या एकदम हलत होत्या, जणू मला हाक मारत होत्या. मी कप उंचावून प्रतिसाद दिला.

तुम्ही म्हणाल, जुना संच नव्हता का? होता की. नवा आल्यावर आईनं धुऊन, घड्या घालून ठेवलेला, तिच्या पलंगाखालच्या ट्रंकेत होता. माझा भाऊ त्याच घरात राहतो. पण त्या पलंगावर आई बसते. जो माणूस देवाचा शब्द फोन न लागता ओळखतो, त्याला आईच्या पायाखालची ट्रंक ओढायची छाती झाली नाही.

आणि पुढचाच सामना शेवटचा होता. हरलो तर आणखी खालच्या गटात. मी गेले. बायकांच्या गॅलरीत आमची सगळी गल्ली, आईसुद्धा, नातीचा हात धरून. आमची पोरं गुलाबी होऊन मैदानात उतरली आणि सगळं स्टेडियम हसून फुटलं.

"ए वैनी, पदर सांभाळा!"

"आयला, वांगी नासली की रं!"

"गुलकंद आला, पान लावा!"

मला हसू यायला हवं होतं. हसलेही. पण थोड्याच वेळात ते हसू थांबलं. आमच्या पोरांना लाज वाटावी म्हणून लोक काय म्हणत होते? बायका म्हणत होते. वैनी, ताई, पोरी. दुसरी शिवीच कुणाला सुचत नव्हती. माझ्या शेजारी ती डाव्या पायाची पोरगी दात आवळून बसली होती, आणि मैदानावर तिचा बाप, गुलाबी संघाचा कोच, मान खाली घालून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. मला वाटलं, आता याला कळेल. माणूस इतक्या जोरात ओरडलेलं ऐकतो तेव्हा कळतंच की!

सामना आम्ही जिंकलो. कसा, ते विचारू नका. समोरचा संघ हसण्यात दंग असताना कॉर्नरचा चेंडू आमच्या एका बॅकच्या पाठीवर आपटून आत गेला. बॅकला गोल झाल्याचं इतरांनी सांगितलं. मग चाचींच्या मुलानं उरलेला वेळ गोलसमोर असा घालवला, की चाची डोळे मिटून होत्या आणि आम्हालाच विचारत होत्या, "धरला का? धरला का?" शेवटची शिट्टी झाली आणि आमचा तो फाटका, बेसूर ओरडा निघाला. या वेळी मी तो गच्चीवरून ऐकला नाही.

दोन दिवसांनी भाऊ माझ्याकडं आला. खुर्चीत टेकला. मी मनातल्या मनात त्याला माफ करायची तयारी सुरू केली होती. चांगली वाक्यंही जुळवली होती.

"आक्का, पोरं म्हणायलीत, आता ह्याच जर्सी ठिवायच्या."

"कुठल्या?"

"ह्याच. गुलाबी. लाभल्यात न्हवं? एवढ्या वर्षांत असा जीव खाऊन जिंकल्यालो न्हाय. कार्यकारिणीत ठरलं बी. आता बदलायच्या न्हाईत."

"आणि वांगी?"

"वांगी पोरींना द्या. जुना संच हाय की आईजवळ. आमाला आता काय उपेग?"

मला आधी कळेचना. "अरे, आणि मारुतीच्या पायाला लागलेली जर्सी? ती पोरींच्या अंगावर बरी नव्हे ना?"

"आता जिकलो म्हटल्यावर मारुतीचीच विच्छा दिसती ना," तो म्हणाला. अगदी शांतपणे. त्याला खरंच तसं वाटत होतं!

मंडळी, मी सुटले. तुझी पोरगी गप्प बसली तेव्हा तुला कळलं नाही. तुझ्या आईनं तीस-चाळीस वर्षं बाह्या काठावर लटकवल्या तेव्हा कळलं नाही. भर स्टेडियमनं तुला वैनी म्हणून हाक मारली तेव्हाही कळलं नाही. आणि आता चेंडू एकाच्या पाठीवर आपटला, म्हणून आम्हाला आमचा रंग मिळणार? चुकलं म्हणायचं नाही, पटलं म्हणायचं नाही, नुसतं नको झालं म्हणून देऊन टाकायचं? बोहारणीला देतात तसं? मला नको तुमची जर्सी! मी इतकी ओरडले की समोरच्या गच्चीवर दोन बायका कपडे वाळत घालायचं सोडून आल्या.

दारात पोरगी उभी होती. कधी आली कुणास ठाऊक.

"आत्ती," ती म्हणाली, "जर्सी घे आधी. भांडाण मागनं कर. भांडाण कुठं जातंय?"

मी घेतली. राग तसाच ठेवून घेतली. आजही आहे.

आईनं मात्र ट्रंक उघडायला एक अट घातली. जर्सी बरेच दिवस बंद होत्या, वास मारत होत्या, परत धुवायला हव्या होत्या. "पोरीच्या बापानं धुवायच्या," ती म्हणाली. भाऊ मोरीत बसला. आई स्टुलावर बसून सांगत होती, "बाही वर घे. वर! मीठ टाक. पिळू नगंस, कुस्ती न्हवं ती." भावानं बाही वर घेतली, मीठ टाकलं. एकदा फक्त बादलीकडं बघत म्हणाला, "हे एवढं असतंय व्हय यात?" आई म्हणाली, "बाही."

पोरींच्या पहिल्या सामन्याची आदली संध्याकाळ. रिवाज तो रिवाज, जर्सी मारुतीपाशी जायला हव्यात. घड्यांचा गठ्ठा आईच्या हातात, आईचा दुसरा हात नातीच्या खांद्यावर, मागं मी, चाची, आणि बघता बघता सगळी गल्ली. कट्ट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. अध्यक्षांनी टोपी सारखी केली, कुणी फोटो काढतंय का बघितलं. भाऊ उंबऱ्याच्या आत उभा राहिला आणि नेहमीसारखे त्यानं हात पुढं केले.

"दे, आई."

आईनं त्याच्या हातांकडं बघितलं. मग चप्पल काढली, त्याला कोपरानं जरा बाजूला सारलं आणि उंबरा ओलांडून आत गेली.

"अवो आज्जी..." असं अध्यक्षांचं सुरू झालं आणि आपोआपच थांबलं. ऐंशीच्या घरातल्या बाईला हात धरून तालमीबाहेर कोण काढणार? हात लावायचा प्रश्न आधीच किती अवघड होऊन बसला होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एक कपाट करकरलं. ते कपाट मला आवाजानंही माहीत नव्हतं.

आई बाहेर आली. हात रिकामे होते, पायाला तांबडी माती लागलेली. उंबऱ्यावर थांबून तिनं आधी नातीला सांगितलं, "तुझी सगळ्यांत वर ठिवलीया. गोलकीपरची तिच्याखाली. रागवू दे तिला." मग चप्पल पायात सरकवत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मारुती बरा हाय. कप तांब्याएवढा हाय."

अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली.

"आणि कवाधरनं घासल्याला न्हाय." तिनं माझ्या भावाकडं बघितलं. "घरात चिच हाय. घिऊन ये त्यो बाहीर."